शुक्रवारचा रोहू

रीटा, जेरोम,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कारण हे पहिलंच वाक्य पुरतं खरं नाही. एका माणसाला सांगितलं होतं, पण अशा जागी आणि अशा रीतीने, की त्याला ते पुढे कुणाजवळ बोलता येऊ नये. त्याला सांगणं म्हणायचं का? आता मी नव्वदीला टेकले, तरी मला ते ठरवता आलेलं नाही.

रीटा, तू फोनवर म्हणालीस की तुमच्या तिकडच्या चर्चमधली मंडळी फाशीच्या विरोधात सभा घेणार आहेत आणि तू तिथे आजीविषयी बोलणार आहेस. माझी आजी जंगलातल्या एका छोट्या गावात राहायची, तिने एका मासेमाराचा जीव वाचावा म्हणून राष्ट्रपतींना दयेचा अर्ज लिहिला होता, असं. तुझा आवाज इतका आनंदी होता! मी 'हो बाळ' म्हटलं. फोन ठेवला. मग खिडकीशी जाऊन बसले आणि वाटलं, या घरात, या गावात, कुठेच मला ओळखणारं कुणी नाही. मी म्हणून जिला सगळे ओळखतात ती कुणी दुसरीच बाई आहे. तुमच्या आजोबांनी तिची गोष्ट हौसेनं सांगितली, तुमच्या आईनं पुढे सांगितली, आणि आता तू ती सभेत सांगणार.

अर्ज मी लिहिला, हे खोटं नाही. खोटं काय आहे, ते सांगायला बसले आहे.

मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला जड जाईल. आईकडून वाचून घ्या. इंग्रजीत मुद्दामच लिहीत नाही. माझी इंग्रजी चांगली आहे, नको इतकी चांगली. त्या भाषेत मला काहीही शोभून दिसेल असं लिहिता येतं. एकदा लिहिलंही आहे.

तर, नीट क्रमाने.

माझे वडील मूलला स्टेशनमास्तर होते. चांदा जिल्हा म्हणत तेव्हा, चंद्रपूर नव्हे. गडचिरोलीही त्यातच यायची. अरुंद रुळांची छोटी गाडी, धानाच्या बांध्या, राईस मिलचा भोंगा, आणि त्यापलीकडे जंगल. आई मी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये असतानाच गेली होती. शिक्षण संपवून मी वडिलांकडे आले आणि रेल्वेच्या क्वार्टरचं घर सांभाळू लागले. गावात आम्ही कॅथलिक म्हणजे हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच. एक कौलारू खोली, तेच आमचं चर्च. चांद्याहून फादर गाडीने येत, मिस्सा, म्हणजे आमचा प्रार्थनाविधी, करत, संध्याकाळच्या गाडीने परत जात. परदेशी होते. पांढरी दाढी, पायात टायरच्या तळाच्या चपला, हिंदी मोडकी. बाजारात त्यांना पादरीबाबा म्हणत. मला इंग्रजी बोलायला ते एकटेच होते, आणि त्यांनाही मी. म्हणून असेल, मी त्यांची वाट पाहत असे.

शुक्रवारी आम्ही मटण खात नसू. तुमच्याकडे हे आता कुणी पाळत नाही, पण तेव्हा पक्का नियम होता. मासा चालायचा. म्हणून दर शुक्रवारी लहानू ढिवर आमच्या मागच्या दारी मासे घेऊन यायचा. तलावावर जाळी टाकणारी माणसं ती. पिढ्यान् पिढ्या तोच धंदा. लहानू हसरा होता. एकदा म्हणाला, "बाई, तुमचा देव बकऱ्याले नाई म्हणते अन् मासोळीले हो म्हणते. ढिवराचाच देव दिसते जी तो!" मी हे फादरांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, अगदी बरोबर आहे, त्याचे पहिले सोबती मासेमारच होते.

हे कशाला सांगते? कारण तो हसत असे हे कुठेतरी लिहिलेलं असावं. कोर्टाच्या कागदांत ते नाही.

त्या वर्षी मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, संपली होती. आधी गावचा तलाव मालगुजाराचा; ढिवरांनी जाळं टाकायचं आणि त्याचा वाटा त्याला द्यायचा, अशी जुनी रीत. आता तलावाचा लिलाव झाला. एका ठेकेदारानं तो घेतला आणि राखणीला गणपत नावाचा माणूस ठेवला. राजुऱ्याकडून आलेला, नवा, कुणाच्या ओळखीचा नाही. ढिवरांना तलावात उतरायची बंदी झाली. लहानू मग नदीतले बारीक मासे आणू लागला, काटेच जास्त.

ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या एका शुक्रवारी आमच्याकडे पाहुणे येणार होते. मला बघायला. नागपूरची मंडळी, रेल्वेतलीच. मुलाच्या वडिलांना रजा नेमकी त्याच दिवशी मिळाली होती. तो मुलगा म्हणजे तुमचे आजोबा. घरात आई नाही. जेवण कसं होतं यावर सगळं ठरणार, असं माझ्या मनानं घेतलं होतं. असले बारीक बोंबड्या-झिंगे त्यांच्यापुढे ठेवायचे? मी लहानूला म्हटलं, मला रोहू हवा. मोठा.

तो म्हणाला, "औंदा तलाव ठेक्यात गेला बाई. जाळं टाकता येत नाई."

मी म्हटलं, एकदा टाकलंस तर काय होतं? पहाटे टाक.

"टाकीन जी. पन गावातून आणू कसा? पायलं कोनी तं मारतीन."

आणि मग मी म्हटलं—हे शब्द माझेच आहेत, मला आजही जसेच्या तसे आठवतात—मी येते न्यायला. स्टेशनमास्तरच्या मुलीची टोपली कोण उघडून पाहणार?

मला माझी हुशारी आवडली होती. तो थोडा घुटमळला. मग मान हलवून गेला.

इथपर्यंत सोपं होतं. एक कप चहा करून आले. परत बसले.

उजाडता उजाडता मी तलावाच्या पाळीवर गेले. पाण्यावर अजून धुकं होतं. लहानू डोंग्यात होता, म्हणजे एका लाकडातून कोरलेली नाव, तिच्यात. त्यानं काठाला येऊन रोहू माझ्या टोपलीत ठेवला. जिवंत होता, शेपटी आपटत होता. मी वरून टॉवेल झाकला. वळले, पाळ चढून सिंदीच्या झाडांपर्यंत आले, तोच मागे ओरडा ऐकू आला. "कोनाच्या बापाचा तलाव हाय रे?" गणपत काठी घेऊन धावत येत होता.

मी झाडांमागे थांबले. तिथून सगळं दिसत होतं.

गणपतने काठी मारली, लहानूच्या खांद्यावर. लहानूने काही केलं नाही. गणपतने जाळं धरलं. ढिवराचं जाळं म्हणजे त्याच्या घरातली सगळ्यांत महागाची वस्तू. तो सोडेना. ओढाताण सुरू झाली. गणपतने दुसरी काठी मारली, तेव्हा लहानूने वल्हं उचललं आणि एकदा त्याच्या दंडावर हाणलं. हेही सांगते; त्याने मारलं. गणपत डोंग्यात चढला होता, तो डगमगला, डोंगा उलटला. पडताना गणपतचं डोकं डोंग्याच्या काठावर आपटलं. दोघं पाण्यात गेले. तिथे पाणी सोडायच्या गेटाजवळ तलाव खोल आहे. गणपतच्या अंगाभोवती जाळं गुंडाळलं गेलं आणि तो खाली जाऊ लागला. लहानू त्याला वर ओढत होता. जाळं सुटत नव्हतं, तो दातांनी तोडत होता. मी पाहिलं. माझ्यात आणि त्यांच्यात फार अंतर नव्हतं.

पलीकडच्या काठावरून ठेकेदाराची माणसं आरडाओरडा करत येत होती. लांबून त्यांना काय दिसलं? लहानू गणपतच्या अंगावर, हातात जाळं.

मी टोपली घेऊन घरी आले.

मासा टाकून दिला असेल, असं तुम्हाला वाटेल ना? नाही. मी तो साफ केला. हळद-मीठ लावलं. आमटी केली, काही तुकडे तळले. पाहुणे आले. गावात खून झाला, अशी बातमी त्यांनी स्टेशनावरच ऐकली होती; त्याबद्दल जेवताना चार शब्द झाले. मग तुमच्या आजोबांनी दुसऱ्यांदा मासा मागितला. पुढे आयुष्यभर ते थट्टेनं सांगत राहिले—मी बायको नाही पसंत केली, मूलचा रोहू पसंत केला. तुम्ही ते ऐकून हसायचात. मी ताटं उचलायला आत जायची. जेरोम, तू एकदा मागे मागे आला होतास आणि विचारलं होतंस, आजी, तू का नाही हसत?

आता लहानूची बायको. पार्बता. खटला उभा राहण्याआधी ती आमच्या मागच्या दारी आली. हातात टोपली नव्हती, म्हणून ती वेगळीच दिसत होती. उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली. वडील आत ओसरीवर होते.

म्हणाली, "बाई, आमचे ते म्हणते का तुमी तिथी होत्या. तुमी पायलं म्हणते. तुमी साहेबाले सांगाल तं सुटन माहा मानूस."

मी म्हटलं, मी घरी होते. पाहुणे यायचे होते, मी स्वयंपाकात होते.

काऊन खोटं बोलून राह्यल्या, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर? पण तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. पदर नीट केला. "नाई तं नाई बाई," म्हणाली आणि उठली. आतून वडिलांनी विचारलं, काय म्हणत होती? मी सांगितलं, काही नाही, माशांचं. त्यांचा माझ्या प्रत्येक शब्दावर विश्वास होता.

पुढे कळलं ते असं: लहानूने कोर्टात माझं नाव घेतलंच नाही. पार्बतानेच एकदा सहज सांगितलं. त्याने तिला म्हटलं होतं, बाई नाई म्हणते तं नाई, कुवार पोरीचं नाव कोर्टात कायले?

मला भीती कशाची होती? लग्न मोडेल याची. वकील भर कोर्टात विचारेल, बाई, पहाटे तलावावर तुम्ही एकट्या काय करत होता, याची. इंग्रजी शिकलेल्या मुलीनं चोरीचा मासा मागवला, हे गाव चघळेल याची. ही कारणं मांडताना मला दिसतंय की ती सगळी मिळूनही एका माणसाच्या मानेइतकी होत नाहीत. तेव्हाही होत नव्हती. तेव्हाही मला दिसत होतं.

चांद्याच्या कोर्टानं फाशी सुनावली. डोक्याला मार, अंगाभोवती जाळं, बुडवून मारणं. ठेकेदाराच्या माणसांनी साक्ष दिली आणि ते खोटंही बोलत नव्हते, त्यांना लांबून तसंच दिसलं होतं. त्या काळी खुनाला फाशी हीच शिक्षा. न्यायाधीशानं कमी दिली तर का दिली याचं कारण लिहावं लागे. नागपूरच्या हायकोर्टानं ती कायम केली.

आणि मग फादर उभे राहिले.

रीटा, तुझ्या सभेत हे मात्र जरूर सांग. आज आपलं चर्च फाशीला नको म्हणतं, तेव्हा तसं नव्हतं. आमच्या धर्माच्या पुस्तकात राज्याला तो अधिकार आहे असंच शिकवलेलं होतं. माझे वडीलही तेच म्हणायचे. फादर म्हणाले, पुस्तकात आहे, मला ठाऊक आहे. पण मी एकदा नागपूरच्या जेलात एका माणसाबरोबर फासापर्यंत चालत गेलो आहे. त्यानंतर मला पुस्तकातलं ते पान उघडता येत नाही. आपला प्रभूही सरकारी शिक्षेनंच गेला, हे आपण दर शुक्रवारी आठवतो आणि मग काय आठवतो? फक्त मटण खायचं नाही, एवढंच?

शुक्रवार म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना तेव्हा काही माहीतच नव्हतं.

ते बाजारात उभे राहून मोडक्या हिंदीत लोकांशी बोलत. ठेकेदाराचा एक माणूस म्हणाला, "बाबा, मेला तो तुमाले दिसत नाई काय? खुन्याचीच बाजू घेऊन राह्यले तुमी." लोक हसले. कुणी म्हणालं, ढिवराले किरिस्ताव करायचा असन. फादर त्याच संध्याकाळी गणपतच्या बायकोकडे गेले. मला सोबत नेलं, तिचं बोलणं समजावं म्हणून. ती बाई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याले लटकवून माह्या घरी कोन येते? माहा तं येत नाई." फादरांना मी ते सांगितलं. बरोबर सांगितलं, एक शब्द बदलला नाही. त्या दिवसांत मी किती प्रामाणिक होते, बाकी सगळ्या बाबतीत!

नाताळ जवळ आला. नाताळाआधी प्रत्येकानं पापनिवेदन करायचं असतं. आमच्या त्या खोलीत त्यासाठी वेगळा लाकडी कक्ष नव्हता. एक बांबूचा तट्टा उभा करत. एका बाजूला फादरांची खुर्ची, दुसऱ्या बाजूला आपण गुडघे टेकायचे. तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्या मित्रमैत्रिणींपैकी कुणी वाचलं तर त्यांच्यासाठी लिहिते: तिथे ऐकलेलं धर्मगुरूला कधीही, कुणालाही सांगता येत नाही. प्राण गेला तरी नाही. ज्यानं सांगितलं त्याच्याजवळही, त्यानं स्वतः काढल्याशिवाय, तो विषय बाहेर काढता येत नाही.

मला हे ठाऊक होतं. म्हणूनच मी तिथे सांगितलं.

माझा खरा कबुलीजबाब हा आहे. मासा मागवला, पळून आले, पार्बताशी खोटं बोलले—ती भीती होती असं म्हणता येईल. हे भीतीनं केलेलं नव्हतं. हे मी विचार करून केलं. पोटातला धोंडा मला काढून टाकायचा होता, आणि तो अशा माणसाच्या पोटात टाकायचा होता की जो तो कुणाला दाखवू शकणार नाही. त्या मुलखात जो एकच माणूस लहानूसाठी दारोदार फिरत होता, त्याचंच तोंड मी बांधलं.

तट्ट्यापलीकडून ते इंग्रजीत, अगदी हळू, म्हणाले, हे तू मला इथे का सांगितलंस?



मग म्हणाले, ऊठ. बाहेर जा. मी हे आटोपून व्हरांड्यात येतो. हेच, फक्त हेच, मला बाहेर सांग. मग मी तुझ्याबरोबर चांद्याला येतो, वकिलाकडे येतो, तुझ्या वडिलांपाशी मी बोलतो. तू एकटी नाहीस. मला तसं वचन दे.

मी वचन दिलं. त्या वचनावर त्यांनी मला क्षमेचे शब्द दिले. मी क्रूसाची खूण केली, उठले, आणि मागच्या दारानं घरी गेले.

नंतर मी त्या व्हरांड्यात गेले नाही असं नाही. रोज जात होते, म्हणजे फादर मूलला असतील त्या प्रत्येक दिवशी. कारण आम्ही दयेचा अर्ज लिहीत होतो. तेच म्हणाले होते आधी, की मजकूर तू लिही, माझी इंग्रजीही परकीच आहे. मी लिहिला. सुरेख लिहिला. दयेविषयी, गणपतच्या विधवेविषयी, परमेश्वराच्या हातातल्या जीवनमरणाविषयी. फादरांनी टाइप करून घेतला, सह्या गोळा केल्या, माझ्या वडिलांनीही सही केली. त्या अख्ख्या अर्जात लहानूसाठी सरकारकडे दया मागितली होती. त्याला दयेची गरजच नव्हती. एका माणसानं पुढे येऊन खरं सांगायला हवं होतं, आणि ते माणूस समोर बसून स्वल्पविराम देत होतं.

आणि फादर? ते मला मसुद्यात शब्द सुचवत. चहा घेत. नेहमीसारखेच वागत. मी त्यांच्या डोळ्यांत शोधायची—एखादी खूण, राग, नुसतं थोडंसं थांबणं. काहीच नसायचं. कधीही नाही. नियम त्यांनी इतका काटेकोर पाळला की मला वाटायला लागलं, मी ते बोललेच नव्हते. मला वाटायचं त्यांनी ओरडावं. एकदा तरी नजर टाकावी. एकाच टेबलाशी आम्ही दोघं बसायचो, दोघांना तीच एक गोष्ट ठाऊक, आणि दोघंही एकेकटे. त्यांचं एकटेपण मी लादलेलं होतं. माझं मी निवडलेलं.

फक्त एवढंच—व्हरांड्यात एक बाक होता. काम झाल्यावर ते त्यावर बसून राहत. गाडीला वेळ असो नसो. आधीही बसत असतील. मला नाही आठवत.

अर्ज फेटाळला गेला.

फाशीच्या आदल्या दिवशी पार्बता नागपूरला गेली. तिच्याबरोबर फादर गेले. त्यांना आत सोडलं नाही, लहानू काही कॅथलिक नव्हता; ते जेलच्या भिंतीबाहेर उभे राहिले, असं वडिलांना कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं दोघं परत आले. मी प्लॅटफॉर्मवर होते. का गेले होते? मला वाटतं, मला बघायचं होतं की आता तरी ते माझ्याकडे कसं पाहतात.

फादर उतरले. म्हणाले, कशी आहेस बाळ? नेहमीचाच आवाज. पण डब्याच्या पायरीवरून उतरताना त्यांनी पार्बताचा हात धरला होता, आणि मला नीट कळेना की कोण कुणाला उतरवतंय.

पार्बता माझ्याजवळ आली. "आली बाई," म्हणाली. "मढं देल्लं नाई मले. तिथीच जाळलं त्याईनं." मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाली, "तुमी कागद लिवला. लई केलं तुमी. शुक्कीरवारी मासोळी आणीन."

आणि तिनं आणली. माझं लग्न होऊन मी नागपूरला जाईपर्यंत दर शुक्रवारी आणत राहिली. मी घेत राहिले.

फादरांची पुढे बदली झाली. मग ते वारले, दूर कुठेतरी दक्षिणेत. मला दर नाताळला त्यांचं कार्ड यायचं. त्यात आशीर्वाद असायचा, हवापाण्याचं असायचं. माझ्याविषयी जे त्यांना ठाऊक होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. कित्येकदा वाटलं, आता माझ्या तोंडून ते ऐकलेलं जगात कुणीच उरलं नाही. त्यात सुटका वाटायला हवी होती ना?

तुम्हाला आठवत असेल, शुक्रवारी तुम्ही मासे खायचात आणि मी भात-मीठ घ्यायची. तुमची आई म्हणायची, बघा, आजी किती कडक पाळते. तेही आता दुरुस्त करून घ्या.

रीटा, सभेत बोल. फादरांविषयी बोल. लहानूचं नाव घे. तो हसरा होता हे सांग. माझ्याविषयी तुला जे सांगावंसं वाटेल ते सांग, किंवा सांगू नकोस. हे कागद मी कुठल्याही तट्ट्याआडून देत नाही. कुणालाही दाखवा.

एक राहिलं. हे फादरांनाही सांगितलं नव्हतं, तट्ट्याआडही नाही. चांद्याच्या कोर्टात मी उभं राहून जे म्हणायला हवं होतं, त्यातच ते येतं. म्हणून ते तसंच लिहिते.

त्या शुक्रवारी सकाळी मी तलावाच्या पाळीवर होते. मासा मी मागवला होता. पहिली काठी गणपतने मारली, दुसरीही त्यानेच. लहानूने एक वल्हं मारलं, दंडावर. डोंगा उलटला. लहानू पोहून काठाला लागला होता. त्याचे पाय जमिनीला टेकले होते. तो वळून परत खोल पाण्यात गेला. एका हातानं गणपतची मान पाण्यावर धरली आणि सिंदीच्या झाडांकडे पाहून ओरडला, "बाई, या जी! धरा याले!"

गणपत तेव्हा जिवंत होता. मला पोहता येत होतं. मी ती हाक ऐकली.